पहिल्या जागेचा मानकरी

मोर्शी तालुक्यातल्या एखाद्या वर्गात कुणी मूल 'हिम वॉज गिव्हन अ बुक' असे लिहिते आणि 'हिम'वर लाल फुली पडते. हवे असते 'ही'. पण मुलाचे कान चुकत नाहीत. घरी ते ऐकते, 'मास्तरनं पोराले पाटी देली'. क्रियापद पाटीमागे चालते. वाक्य उलटवले, 'पोराले पाटी देली गेली' केले, तरी पोराचा 'ले' सुटत नाही. ज्याला मिळते तो आपल्याकडे कर्ता होतच नाही.

याची मुळे जुनी आहेत. पाणिनीच्या व्यवस्थेत दान घेणारा मुळी कर्मच नव्हे, तो संप्रदान. त्याची चतुर्थी विभक्ती ढळत नाही. खरी दोन कर्मे दुह्, याच्, नी अशा मोजक्या धातूंना, आणि तिथेही निवड धातूनेच ठरवलेली. गायीचे दूध काढले जाते तेव्हा कर्मणीत पहिली जागा गायीला मिळते, दुधाला नाही. बकरी गावाला नेली जाते तेव्हा ती जागा बकरीला मिळते, गावाला नाही. असा काटेकोर विचार मराठीसाठीही फार आधी सुरू झाला. मोर्शी तालुक्यातलेच रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पीठ. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या वचनांचा अर्थ नेमका लागावा या ओढीतून त्या पंथात भीष्माचार्यांचे 'पंचवार्तिक' लिहिले गेले. मराठी व्याकरणावरचे ते सर्वांत जुने लेखन मानतात. पुढे आलेले दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836चे, मोरो केशव दामल्यांचे 1911चे. रिद्धपुरात 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले, ते योग्य जागी उभे राहिले असे मला मनापासून वाटते.

आता इंग्रजीकडे. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आपल्यासारखीच होती. 'त्याला' यासाठी 'हिम' आणि 'त्यास पाहिले' यातल्या कर्मासाठी 'हिने' अशी वेगळी रूपे होती, आणि कर्मणीत 'हिम' तसेच राहत असे. मोर्शीच्या मुलाचे वाक्य त्या काळी शुद्ध ठरले असते. पुढे प्रत्यय झिजले, 'हिने' गेले, 'हिम' दोन्ही कामे करू लागले. नामांना तर कर्ता की कर्म हे सांगणारी कसलीच खूण उरली नाही. 'द किंग वॉज गिव्हन अ हॉर्स' यातला राजा क्रियापदाआधी बसलेला, अंगावर प्रत्यय नाही. ऐकणाऱ्याने त्याला कर्ताच मानले. मग सर्वनामही त्या ओळीत आले आणि 'हिम'चे 'ही' झाले. पंधराव्या शतकाच्या आसपास ही रचना दिसू लागली, नंतर रुळली.

म्हणून 'गिव्ह', 'सेंड', 'टीच', 'ऑफर' यांना दोन्ही वाटा मोकळ्या आहेत: 'ही वॉज गिव्हन अ बुक' आणि 'अ बुक वॉज गिव्हन टू हिम'. 'एक्सप्लेन'ला मात्र 'एक्सप्लेन मी द रूल' असे म्हणताच येत नाही, 'टू' लागतोच. म्हणून 'आय वॉज एक्सप्लेन्ड द रूल' चालत नाही. वर्गात आधी हे शिकवावे. कर्तरी वाक्यात 'टू'वाचून व्यक्ती क्रियापदाला चिकटते का, एवढे मुलाने पाहावे. चिकटली तरच तिला पहिली जागा द्यावी.