वात बारीक करायची चावी

आज आपण उजेडाबद्दल बोलू या. पण लांबवर फेकणाऱ्या उजेडाबद्दल नाही, अगदी मंद, जेमतेम दिसेल एवढ्या उजेडाबद्दल.

विषय निघाला तो आमच्या बचत गटाच्या बैठकीत. शेतीपंपाची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते, उसाला पाणी पाजायला बाया-माणसं अंधारात जातात. म्हणून गटातून वीस जणींसाठी एकदम बॅटऱ्या घ्यायचं ठरलं. आम्ही चौघी दुकानात गेलो. दुकानदारानं एक बॅटरी लावून दाखवली. म्हणाला, "ताई, हिचा उजेड पार नदीपलीकडं जातो." आमच्यातल्या आक्का सत्तरीच्या. त्यांनी विचारलं, "ते ठीक आहे, पण ही बारीक होते का?" दुकानदार हसला. "बारीक करून काय करायचं, आक्का?"

त्याच्या या प्रश्नाचं उत्तर आम्ही परत येताना गाडीत शोधायला लागलो आणि बोलता बोलता पार आज्या-पणज्यांपर्यंत जाऊन पोचलो.

आपल्या घरात दिवा लहान-मोठा करणं हे बाईचंच काम होतं. नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा ठेवायचा, तर तेल घालायचं, काजळी झाडायची, वात पुढं सारायची. दिवा फार मोठा होऊन चालत नाही, कारण तेल लवकर संपतं. विझूनही चालत नाही. म्हणजे थोडा उजेड पण रात्रभर, हा हिशेब आपल्याला कुणी शाळेत शिकवलेला नव्हता.

पुढं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आलं आणि रॉकेलबरोबर कंदील आला. सुरुवातीचे कंदील परदेशातून यायचे. मग आपल्याच भागात, कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात ओगले बंधूंनी १९१६च्या सुमारास काचेचा कारखाना काढला. त्या जागेलाच पुढं ओगलेवाडी म्हणू लागले. तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला. प्रभाकर म्हणजे सूर्य. पण या सूर्याच्या बाजूला एक छोटी गोल चावी होती. ती फिरवली की वात वर यायची, उलटी फिरवली की खाली जायची.

ती चावी दिवसातून कितीदा फिरायची, हे आक्कांनी सांगितलं. संध्याकाळी काच राखेनं पुसून कंदील लावायचा. स्वयंपाक आणि जेवणं होईपर्यंत वात मोठी. निजानीज झाली की बारीक. रात्री लेकरू उठलं, बाळंतिणीला काही हवं झालं, तर त्याच बारीक वातीत सगळं दिसायचं. पहाटे जात्यावर बसायचं, तेव्हाही वात बारीकच, म्हणजे घर जागं व्हायचं नाही आणि पीठही दिसायचं.

आणखी एक गोष्ट आहे. ती इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही, पण आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या अंगावरून गेलेली आहे. घरात संडास नव्हते तेव्हा बायकांना अंधार पडल्यावर नाहीतर उजाडायच्या आत बाहेर जावं लागायचं. रस्त्यावरून गाडीचा उजेड आला की पटकन उठून उभं राहायचं. तेव्हा हातात कंदील असला तर तो बारीक करून पदराआड धरायचा. पायाखालचं दिसलं पाहिजे, पण आपण कुणाला दिसता कामा नये. आम्ही गटातल्या तिशी-पस्तिशीतल्या बायकांनीही लहानपणी आईबरोबर हे केलेलं आहे. आक्कांनी दुकानात विचारलेल्या प्रश्नामागं हे सगळं होतं.

त्या काळाचं कौतुक करायला आम्ही बसलेलो नाही, बरं का. रॉकेलच्या धुरानं डोळे चुरचुरायचे, वात फारच खाली गेली की वास सुटायचा. कंदील कलंडला तर आगीची भीती. ते गेलं ते बरंच झालं. पण जाताना ती चावीही घेऊन गेलं.

ती कशी गेली बघा. हातात धरायची विजेची बॅटरी अमेरिकेत आली. नळीत सेल, पुढं बल्ब, अशा बॅटरीचं पेटंट डेव्हिड मायझेल यांना १८९९ साली मिळालं आणि न्यूयॉर्कमध्ये कॉनराड ह्यूबर्ट यांच्या कंपनीनं ती विकायला काढली. सुरुवातीचे सेल इतके कमजोर होते, की बटण दाबायचं, क्षणभर बघायचं आणि सोडून द्यायचं. इंग्रजीत तिचं नाव 'फ्लॅशलाईट', म्हणजे चमकून जाणारा दिवा, असं पडलं ते यामुळंच.

या बॅटरीला दोनच गोष्टी यायच्या, चालू आणि बंद. कारण तिच्या बल्बमध्ये बारीक तार असते. ती पांढरी होईपर्यंत तापली तरच चांगला उजेड देते. वीज थोडी कमी केली की उजेड मात्र फार कमी होतो, तार नुसती लालसर होते. त्यामुळं मुद्दाम मंद करण्यात फायदा नव्हता. मंद व्हायची ती सेल उतरल्यावरच. आपल्याला आठवतंय, सेल उतरले की आपण ते पत्र्यावर उन्हात ठेवायचो, पुन्हा घालून बघायचो आणि पिवळा उजेड आला तरी खूश व्हायचो.

पण मंद उजेडाची गरज काही संपली नव्हती. दुसरं महायुद्ध सुरू होताना, १ सप्टेंबर १९३९पासून ब्रिटनमध्ये रात्री दिवे झाकायचा हुकूम निघाला. वरून विमानांना शहर दिसू नये म्हणून. रस्त्यावर इतका अंधार झाला, की अपघातात माणसं मरू लागली. मग लोकांना हातात बॅटरी धरायची परवानगी मिळाली, पण काचेवर पातळ कागदाचे दोन पदर लावायचे आणि उजेड जमिनीकडंच धरायचा. आपल्याकडंही १९६५ आणि १९७१च्या युद्धात मुंबईसारख्या शहरांत खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवले होते. पायाखालचं दिसावं पण आपण दिसू नये, ही आपल्या आयांची गरज त्या काळात सगळ्या शहरांची झाली होती.

आता आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला महापूर आला. गावातली लाईट गेली. आम्ही पुष्कळ जणी लेकराबाळांना घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर होतो. आमच्याकडं एकच मोठी चार्जिंगची बॅटरी होती. ती पहिल्या रात्री चालू ठेवली, तर उजेड डोळ्यात जाऊन बाळं झोपेनात. मग आम्ही तिच्यावर ओढणी दुहेरी करून बांधली. उजेड मंद झाला, सगळे झोपले, आम्हाला वाटलं केवढी हुशारी केली. पहाटे बॅटरी बंद पडलेली. ओढणीनं उजेड अडवला, पण आत वीज तेवढीच जळत होती. झाकणं वेगळं आणि वात बारीक करणं वेगळं, हे आम्हाला त्या पहाटे कळलं.

दुसऱ्या रात्री अंधारात एक म्हातारी जिन्यात घसरली. नशिबानं मुका मारच लागला. त्यानंतर एकीच्या जुन्या बटणाच्या फोननं आम्हाला तारलं. त्याला टॉर्च नव्हता, नुसता स्क्रीनचा उजेड. तो जिन्याच्या पायरीवर धरला की पायरी दिसायची. बाळाचं दूध कालवता यायचं, औषधाची पट्टी ओळखता यायची. लागेल तेव्हाच लावत तो फोन उरलेल्या दोन्ही रात्री पुरला.

एवढ्याशा उजेडात दिसतं कसं? अंधारात आपली बाहुली मोठी होते आणि डोळ्यातला अंधारात बघायचा भाग हळूहळू जागा होतो. तो पूर्ण सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. त्यात कुणी झगझगीत बॅटरी तोंडावर मारली, की सरावलेले डोळे क्षणात आंधळे होतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मंद उजेडात तसं होत नाही. मात्र अंधार पडल्यावर एखाद्या लेकराला इतरांपेक्षा फारच कमी दिसत असेल, तर ते रातांधळेपण असू शकतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की ते होतं. शेवग्याचा पाला, पालेभाज्या, पपई, गाजर खाऊ घाला आणि डॉक्टरांना दाखवा.

आता चांगली बातमी. गेलेली चावी परत आलेली आहे. १९९०च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी निळा एलईडी नीट जमवला, त्यातून पांढऱ्या उजेडाचा एलईडी झाला. या कामाला २०१४चं नोबेल मिळालं. एलईडीला तार तापवायची नसते. त्याला वीज कमी दिली तर उजेड कमी होतो, पण वाया काही जात नाही. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. मेणबत्तीचा साधारण १२ ल्युमेन धरा. जी बॅटरी १०० ल्युमेनवर तीन तास चालते, ती १ ल्युमेनवर हिशेबानं शंभरपट चालायला हवी. आतलं सर्किट थोडी वीज खातं, म्हणून तेवढी चालत नाही, पण तासांऐवजी दिवस मोजावे लागतात. पुराच्या तीन रात्री तशी एक बॅटरी सहज पुरली असती.

तरी दुकानात गेल्यावर उजेड किती लांब जातो तेच सांगतात. लांबचा उजेड हवाच. शेतात जाताना, सापाची, बिबट्याची भीती असेल तिथं उजेड पूर्ण लावा. मण्यार रात्री घरात येते, म्हणून जमिनीवरचं अंथरूण झोपण्याआधी भरपूर उजेडात झटका. तिथं काटकसर करू नका. पण घरात, आजाऱ्याजवळ, लेकराजवळ, लाईट गेलेल्या लांब रात्री बारीक उजेडच कामाचा.

म्हणून आम्ही पुन्हा दुकानात गेलो आणि तीन गोष्टी विचारल्या. ही मंद होते का? बटण दाबल्यावर आधी मंद लागते की एकदम डोळ्यावर येते? मंद ठेवली तर किती तास चालते? दुकानदारानं खोक्यावरचं वाचून दाखवलं. त्यालाही ते पहिल्यांदाच कळलं असावं. तिसऱ्या नमुन्यावर आमचं एकमत झालं, वीस बॅटऱ्या घेतल्या. काही फोनमध्येही टॉर्चचा उजेड कमी करता येतो. आपल्या लेकीला नाहीतर नातवाला विचारा आणि लाईट असतानाच शिकून ठेवा.

आक्कांनी आपली बॅटरी घरी नेली, मंद करून उशाशी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत म्हणाल्या, "आता कंदिलासारखी झाली."

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली बॅटरी आज रात्री एकदा मंद करून बघा. होत नसेल तर पुढची घेताना विचारा.