रोड रॅश: कॅलिफोर्निया ते खामगाव

1991 साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीने टीव्हीला जोडायच्या सेगा जेनेसिस यंत्रासाठी मोटारसायकल शर्यतीचा एक गेम काढला. डॅन गाइस्लर, वॉल्टर स्टाइन, रँडी ब्रीन ही त्यामागची मंडळी. शर्यत बेकायदा, रस्ते कॅलिफोर्नियातले, समोरून नेहमीची रहदारी. शेजारच्या स्वाराला लाथ घालायची, बुक्की हाणायची, त्याने दांडका उगारला तर नेमक्या क्षणी हिसकावून त्याच्याच पाठीत घालायचा. पोलिसाने धरलं तर दंड, गाडी मोडली तर दुरुस्तीचा खर्च. गाडी चालवता चालवता लढायचे गेम आधीही होते. 1983 चा स्पाय हंटर त्यातला गाजलेला. पण त्यात गोळ्या सुटायच्या. रोड रॅशमध्ये मारामारी हाताच्या अंतरावर आली, आणि माझ्या मते त्याची सगळी गंमत तेवढ्यात आहे.

1992 च्या दुसऱ्या भागात हाणायला साखळी आली, वेग वाढवायला नायट्रो आला. 1994 ची आवृत्ती थ्रीडीओ या यंत्रासाठी होती. ते यंत्र काढणारा ट्रिप हॉकिन्स हाच इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचाही संस्थापक, म्हणजे मामला घरातलाच. तिच्यात खऱ्या माणसांच्या चित्रफिती आणि साउंडगार्डन वगैरे बँडची गाणी होती. 1996 मध्ये हीच आवृत्ती विंडोजवर आली, आणि बुलढाणा जिल्ह्याची गाठ पडली ती हिच्याशी.

तीही बऱ्याच उशिरा. तिकडे 1998 ला रोड रॅश थ्रीडी निघाला, 2000 ला जेलब्रेक, 2003 ला त्याचीच गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरची छोटी आवृत्ती, आणि मालिका थांबली. इथे मात्र 2001 मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं, एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आला आणि खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा तालुक्याच्या गावी संगणकांच्या खोल्या उघडल्या. सरकारी नोकरीत ही परीक्षा लागायची. त्यामुळे एका यंत्रावर गुरुजी वर्डमध्ये रजेचा अर्ज टाइप करताहेत आणि पलीकडच्या यंत्रावर पोट्टे ‘हाण त्याले’ म्हणत ओरडताहेत, हा प्रकार सर्रास चाले. सर आत आले की खिडकी बंद आणि एक्सेल उघडं. सायबर कॅफेत निदान लपवावं लागत नसे. म्हणजे जन्मगावी या गेमचं दुकान बंद होत होतं तेव्हा वऱ्हाडात ते नुकतं उघडत होतं.

हाच गेम का टिकला? एक तर त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नव्हतं, इंटरनेट लागत नव्हतं. पुष्कळ प्रतींतून गाणी आणि चित्रफिती कापून टाकलेल्या असत, त्यामुळे फाइल लहान, सीडीवरून या यंत्रातून त्या यंत्रात सहज जाणारी. आपल्या कित्येकांनी साउंडगार्डनचं नावही न ऐकता हा गेम वर्षानुवर्षं खेळला. प्रती अर्थातच चोरीच्या; अमेरिकेतल्या वहीत या खेळाडूंपैकी कुणाचीच नोंद नाही. दुसरं कारण भारनियमन. त्या दशकात गावागावांत तासन्‌तास वीज जायची. लढाया आणि साम्राज्यांचे लांबलचक गेम अशा वेळी अर्ध्यातच बुडत. रोड रॅशची एक शर्यत काही मिनिटांत संपते. बॅटरीवर संगणक तग धरेल तेवढ्यात निदान पहिला-दुसरा नंबर ठरून जाई.

आणि घाट. हा जिल्हा स्वतःला घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत मोजतो. मलकापूरहून बुलढाण्याला येणाऱ्याला राजूर घाट चढावाच लागतो. खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव गाठणारा मुंबई–कोलकाता महामार्ग, ट्रकांनी भरलेला. गेममधल्या सिएरा नेवाडा या डोंगरी रस्त्याच्या वळणांत अचानक समोर येणारी गाडी इथल्या पोरांना परकी वाटण्याचं काही कारणच नव्हतं. (खऱ्या घाटात हे प्रयोग करणारे महाभागही असणारच, त्यांचं कौतुक नको.)

पुढे स्मार्टफोन आले, कॅफे ओस पडले. परंपरा चालवायचा प्रयत्न बाहेरच्यांनी केला. डार्कसीज गेम्सने 2013 साली लोकवर्गणी काढून रोड रिडेम्प्शन करायला घेतला आणि तो 2017 मध्ये पूर्ण झाला. त्यात तलवारी आहेत, बंदुकाही आहेत. बंदूक आली की मघाचं ते हाताचं अंतर जातं, म्हणून मला तो तितकासा भावला नाही. फोनवरही दुचाकीवरून लाथा घालणारे गेम येत-जात असतात. त्यांतले बरेच दर दोन शर्यतींनी जाहिरात दाखवतात.

रोड रॅश हे नाव मात्र आजही इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडेच आहे. कंपनीचा एक मोठा स्टुडिओ हैदराबादला आहे. तिथे नोकरीला असलेल्या तिशी-चाळिशीच्या एखाद्या वऱ्हाडी इंजिनिअरला साखळी कधी हिसकावायची हे शिकवावं लागणार नाही. कंपनीने त्याला अजून विचारलेलं दिसत नाही.