प्रगतीचा हेतू : कोकणच्या इतिहासाला विचारलेला प्रश्न

तारकर्लीच्या किनाऱ्यावर आज माणसे पैसे मोजून समुद्राच्या तळाशी उतरतात. राज्य पर्यटन विकास महामंडळाचे त्यासाठीचे प्रशिक्षण केंद्र तेथे आहे. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि मालवण तालुक्यातले हे गाव प्रगतीचे उदाहरण म्हणून दाखवले जाऊ लागले. ते दाखवू नये असे माझे म्हणणे नाही. पण उदाहरण कशाचे, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. कारण याच कोकणपट्टीत, महाडला, 20 मार्च 1927 रोजी ओंजळभर पाणी प्यायल्याबद्दल माणसांची डोकी फोडली गेली.

महाडची घटना नीट पाहिली पाहिजे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 सालीच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळे खुले केले होते. कागदावर प्रगती झालेली होती. त्या तळ्याचे पाणी न मिळाल्याने आपण मरणार नव्हतो, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तेथे जायचे, असे बाबासाहेबांनी नंतर स्पष्टपणे मांडले. त्याच चळवळीने मेलेली गुरे ओढणे सोडा, मृतमांस सोडा, असे सांगितले. गावकामे नाकारली की बलुते बंद होई, बहिष्कार पडे, चूल थंडावे. उत्पन्नाच्या तक्त्यात मांडले तर ही अधोगतीच! आपल्या आजोबा-पणजोबांनी ती जाणूनबुजून पत्करली. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या निर्णयाला कोणते नाव आहे, ते आमच्या प्राध्यापक मित्रांनी मला सांगावे.

याच्या उलट उदाहरण मुंबईच्या गिरणीचे. यंत्र आले की जात जाईल, असा विश्वास त्या काळी पुष्कळांना होता. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने (मालवण तेव्हा त्यातच होते, सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला) गिरण्यांना हजारो हात पुरवले. त्यांत महारही होते. पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावीत नसे. जास्त मजुरीचे काम अशा रीतीने थुंकीच्या विटाळावर अडले. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगार ऐक्याची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांची अडचण झाली. वाफेच्या यंत्राला जातीचे काही कळत नव्हते. ते चालवणाऱ्या समाजाला कळत होते. गिरणीतला हा चाकरमानी गावी उतरला की पुन्हा आपल्या वाडीचाच होई.

जमिनीचा इतिहास थोडक्यात सांगतो. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मांडले. 10 जानेवारी 1938 ला कोकणचे हजारो कुळवाडी, कुणबी आणि महार एकत्र, मुंबईत कायदेमंडळावर चालून आले. खोती कायद्याने गेली ती 1949 मध्ये. महार वतनाचे विधेयक 1928 चे, आणि कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा 1958 चा. तीस वर्षे! प्रगती आपोआप होते असे मानणाऱ्यांनी ही तीस वर्षे मोजावीत.

आणि मग 1956. ऑक्टोबरच्या 14 तारखेनंतर कोकणातल्या महारवाड्यांचे काय झाले? रस्ता आला नाही, विहीर खोदली गेली नाही, कुणाची शेती गुंठाभरानेही वाढली नाही. पण वाडीचे नाव बौद्धवाडी झाले आणि माणसे ताठ उभी राहिली. सरकारी तक्त्यात या घटनेला रकाना नाही. माझ्या मते विसाव्या शतकातली कोकणची सर्वांत मोठी प्रगती हीच आहे. त्याच शरद ऋतूत हंगेरीत रणगाडे शिरले होते, सुएझवर बॉम्ब पडले होते, जग दोन तळांत उभे होते. 20 नोव्हेंबरला काठमांडूत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स समोरासमोर ठेवले. दुःखाचा आणि शोषणाचा अंत हा हेतू दोघांचाही, पण मार्गाचा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

याचा अर्थ गरिबीत पावित्र्य आहे असा कोणी काढू नये. तो गांधीवादी मार्ग बाबासाहेबांनी 1945 च्या आपल्या ग्रंथात साफ नाकारला. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीतून संस्कृती घडते, दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे तारकर्लीला पर्यटक यावेत, वीज यावी, बोटी याव्यात. पण त्यातून कोणाला फुरसत मिळते आणि कोणाच्या कष्टात भर पडते?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते. दोर ओढणाऱ्याला मासळीत वाटा असतो. यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हा मासळी पकडण्याची ताकद वाढली, आणि रापणकर मात्र किनाऱ्यावर झगडत राहिला. मासेमारीची प्रगती की ट्रॉलरमालकाची, हा वाद तेथे अजून मिटलेला नाही. जिल्ह्याची साक्षरता 2011 च्या जनगणनेत 85 टक्क्यांच्या वर होती, आणि लोकसंख्या दहा वर्षांत 8,68,825 वरून 8,49,651 वर उतरली होती. शिकलेला माणूस जिथे राहू शकत नाही, तिथे पाहुणा चार दिवस राहायला येतो.

कोकणातल्या आमच्या महाविद्यालयांनी एक काम हाती घ्यावे. किनाऱ्यावरच्या निवासांची जमीन सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे, स्वयंपाकघरात कोण आहे, खोल्या आणि संडास कोण साफ करतो, बौद्धवाडीतल्या किती घरांनी पर्यटकाला जेवू घातले आणि किती पर्यटक तिथे जेवले, याची वाडीवार नोंद विद्यार्थ्यांनी करावी. सुरुवात तलाठ्याच्या दप्तरापासून करता येईल.