तळटीप : पनवेल दरवाजा

* लेखकाने नुसते ‘दरवाजा’ म्हटले असले, तरी अभिप्रेत आहे तो कल्याणच्या तटाचा दक्षिणेकडचा, शेनाळे (काळा) तलावाजवळचा पनवेल दरवाजा. रस्ता जिकडे जातो त्या गावाचे नाव वेशीला. त्याच रस्त्यावरच्या मानपाडा-शीळची दिशाही हीच. शाहजहानच्या काळात सुरू झालेला हा तट औरंगजेबाच्या अमलात, १६९४मध्ये पुरा झाला. सुमारे ७० एकरांभोवती ११ बुरूज आणि ४ दरवाजे; उरलेले तीन अधारजेल, गणेश आणि नदीकडे तोंड केलेला बंदर दरवाजा. पुढे इंग्रजी अमलात पडका तट उतरवून त्याचे दगड कल्याण-ठाण्याच्या धक्क्यांना लावले. म्हणून मजकुरातली वेस आज शोधायची ती खाडीकाठी, धक्क्याच्या चिऱ्यांत.