‘पहले आप’ म्हणणारे दोन स्विच

दोन स्विच दोन तारांनी जोडले की वेग दुप्पट होईल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात संदेश त्या दोन तारांमधून गोल गोल फिरत राहतात आणि सारे नेटवर्क ठप्प होते. हा फेरा तोडण्यासाठी रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये ‘स्पॅनिंग ट्री’ची पद्धत शोधली. ती जादा तार बंद ठेवते. नेटवर्क वाचते, पण तार रिकामी पडून राहते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कल्पना’ नावाच्या अमेरिकी कंपनीने अनेक तारांची एकच मोळी बांधली. तिचे नाव इथरचॅनल. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. मोळी जुळवताना स्विचनी आपसांत बोलावे, म्हणून सिस्कोने पीएजीपी ही स्वतःची भाषा केली. परक्या कंपन्यांच्या स्विचना ती कळेना. अखेर २००० मध्ये आयईईई या संस्थेने सर्वांसाठी ८०२.३एडी हे मानक मंजूर केले. त्यातली भाषा एलएसीपी.

तरीही तंटे उरलेच. एकीकडे पीएजीपी, दुसरीकडे एलएसीपी असेल, तर मोळी बांधली जात नाही. दोन्हीकडे ‘पॅसिव्ह’ असेल, तर दोघेही ‘पहले आप’ म्हणत बसून राहतात. ‘ऑन’ ठेवलेला स्विच तर समोरच्याला काही विचारतच नाही. तिथे पुन्हा तोच फेरा सुरू होण्याचा धोका.

तोडगा साधा आहे: दोन्हीकडे एलएसीपी, निदान एकीकडे ‘अ‍ॅक्टिव्ह’ आणि मोळीतल्या सर्व तारांचा वेग सारखा. भाषा एक झाली तरी बोलायला सुरुवात कुणीतरी करावीच लागते.