मुसकें आणि दोरी

सशाच्या भयानें एखाद्या बेटांतील लोकांनीं सम्राटाकडे सैन्य मागावें, ही गोष्ट कोणी सांगितली तर ती मुलांच्या कथेंतील वाटेल. परंतु प्लिनी या रोमन ग्रंथकारानें ती इ. स. च्या पहिल्या शतकांत गंभीरपणें लिहून ठेविली आहे. भूमध्य समुद्रांतील बॅलेअरिक बेटांत सशांची वीण इतकी झाली कीं, पिकें जाऊन दुष्काळ पडला, व तेथील रहिवाश्यांनीं सम्राट् ऑगस्टस याच्याकडे लष्करी मदतीची याचना केली. त्याच्या थोडा आधीं होऊन गेलेला ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो निराळें सांगतो. त्याच्या मतें बेटकऱ्यांनीं सैन्य नव्हे, तर राहावयास दुसरी भूमीच मागितली होती. दोहोंपैकीं कोणतीहि हकीकत खरी माना. संकट लहान नव्हतें, एवढें निश्चित.

येथें मराठी वाचकाची एक अडचण दूर केली पाहिजे. आपण ज्याला ससा म्हणतों तो रानांत गवताच्या आडोशाला दबून राहणारा प्राणी. तो बीळ खणीत नाहीं. संकट आलें कीं पळणें, हाच त्याचा आसरा. आपल्या कवींनीं चंद्रावर पाहिला तो हाच. स्पेनचा ससा वेगळ्या जातीचा. तो जमिनीखालीं बिळांचें जाळें विणतो, त्याला अनेक तोंडें ठेवतो आणि कुटुंबकबिल्यासह त्यांत नांदतो. इंग्रजींत या दोघांस दोन नांवें आहेत. मराठींत एकानेंच भागतें, कारण दुसरा आपल्या रानांत कधीं नव्हताच. भाला काय, घोडा काय, यांचा पराक्रम जमिनीच्या पाठीवरचा. बिळांत शिरलेल्या शत्रूपुढें रोमचें सैन्य तरी काय करणार?

याला उत्तर सांपडलें तें फेरेट या प्राण्याच्या रूपानें. युरोपांतील पोलकॅट नांवाच्या रानटी प्राण्याचा हा माणसाळलेला वंशज. बांधा मुंगसासारखा लांबट व पाय आंखूड. मात्र कूळ मुंगसाचें नव्हे. स्ट्रॅबोनें वर्णिलेला, आफ्रिकेंतून आणून स्पेनमध्यें पोसलेला प्राणी हाच असावा, असें बहुतेक विद्वान् मानतात. त्याच्या तोंडाला मुसकें बांधून त्याला बिळांत सोडीत. तो सशाला नखांनीं ओढून आणी, नाहीं तर बाहेर पिटाळी. आणि बाहेर पारधी टपून बसलेला असे. मुसकें कशासाठीं? मळणीच्या वेळीं आपण बैलाला बांधतों, त्याच कारणासाठीं. तोंड मोकळें राहिलें तर तो ससा आंतच मारील, पोटभर खाईल आणि तेथेंच झोपीं जाईल. धन्याच्या हातीं कांहींच लागणार नाहीं. फेरेटाचा उपयोग त्याच्या क्रौर्यांत जितका, तितकाच त्या क्रौर्याला घातलेल्या आवरांत होता. त्याचा पुढील सारा इतिहास मला या मुसक्याचाच विस्तार वाटतो.

इंग्लंडांतील पारध्यांनीं या आवराला दुसरें साधन जोडलें. तेथें मादीस जिल व नरास हॉब म्हणतात. मादी लहान व चपळ, म्हणून सशाला बाहेर घालविण्याचें काम बहुधा तिचें. बिळाच्या प्रत्येक तोंडावर जाळें लावलेलें असे. पण मुसक्यावांचून सोडलेली मादी कधीं कधीं आंतच शिकार मारून बसे. तेव्हां नराची पाळी येई. तो मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा. त्याला निराळ्या पेटींत एकटाच ठेवीत, म्हणजे दुसऱ्याचा सहवास त्याला खपत नसे. त्याच्या गळ्यांत पट्टा, पट्ट्याला लांब दोरी आणि दोरीला तीन तीन फुटांवर गांठी. तो आंत जाऊन मादीला हुसकून लावी व मेलेल्या सशापाशीं ठाण मांडी. वर बसलेला माणूस गांठी मोजी, दोरीच्या रोखानें कुदळ चालवी आणि नेमका तेथें पोंचे. अलीकडे पट्ट्यांत बसविलेलें संदेशयंत्रच ठिकाण सांगतें, त्यामुळें दोरीच्या नराची ही चाकरी बहुतेक सुटली आहे.

हें कसब ज्यांनीं वाढविलें त्या गरीब लोकांच्या तोंडालाहि मुसकें बांधण्याचा यत्न झाला. नॉर्मन सरदारांनीं बाराव्या शतकांत ससा इंग्लंडांत वसविला, तो मांस व कातडें यांसाठीं राखीव कुरणांत. तेथून तो शेजारच्या कुळाच्या शेतांत शिरून चरला, तरी त्याला हात लावण्याचा कुळाला अधिकार नाहीं! १३८१ सालच्या शेतकऱ्यांच्या बंडांत सेंट ऑल्बन्स येथील लोक मठाच्या सत्तेविरुद्ध उठले. त्यांनीं एक जिवंत ससा पकडून गांवांतील शिक्षेच्या खांबावर बांधला. शिकारीचा हक्क आतां आमचा, अशी ती द्वाही होती. ही हकीकत त्याच मठांतील टॉमस वॉल्सिंगहॅम या साधूनें लिहिली. बंडवाल्यांविषयीं त्याला तिळभर प्रेम नव्हतें, म्हणून ती अधिकच विश्वसनीय वाटते.

बंड मोडलें आणि १३९० सालीं दुसऱ्या रिचर्डच्या राज्यांत कायदा झाला. ज्या गृहस्थाला वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन नाहीं आणि ज्या धर्मोपदेशकाला १० पौंड प्राप्ति नाहीं, त्यानें शिकारी कुत्रे, फेरेट व जाळीं वापरूं नयेत. वापरल्यास एक वर्ष कैद. कारण असें दिलें कीं, सणाच्या दिवशीं चांगले ख्रिस्ती प्रार्थनेस गेले असतां मजूर लोक शिकारीच्या मिषानें जमतात आणि बंडाचीं खलबतें करतात. कायदा करणाऱ्यांची नजर तीक्ष्ण होती खरी. कुत्रा भुंकतो, फेरेट भुंकत नाहीं. तो झोळींत मावतो, आणि रात्रीं दोन ससे घरीं आणतो. ज्याच्या चुलीवर मांस क्वचित् चढतें त्याला याहून सोयीचा सोबती कोणता? आपल्याच शेतांतील ससे मारण्याचा, करारानेंहि काढून घेतां न येणारा हक्क इंग्रज कुळाला मिळाला तो १८८० सालीं.

त्याच दशकांत न्यूझीलंडांत उलट प्रकार घडला. वसाहतवाल्यांनीं नेलेल्या सशांनीं दक्षिणेकडील मेंढ्यांचीं कुरणें खाऊन उजाड केलीं होतीं. तेव्हां फेरेट आणवून हजारोंनीं रानांत सोडण्यांत आले. त्यांच्या तोंडाला मुसकें नव्हतें, गळ्यांत दोरी नव्हती, बिळाबाहेर कोणी धनी बसलेला नव्हता. पक्षिशास्त्रज्ञांनीं विरोध केला, पण मेंढपाळांचें पारडें जड ठरलें. ससे संपले नाहींत. आणि ज्या देशांत पंख असून न उडणारे किवीसारखे पक्षी जमिनीवर घरटीं करीत होते, तेथें एक नवा मारेकरी कायमचा वस्तीस आला. २००२ सालापासून त्या देशांत फेरेट विकण्यास व त्यांची पैदास करण्यास बंदी आहे. रानांतले मात्र अजून सांपळे लावून मारावे लागतात.