उस्तुरलाब ते संगणकी दुर्बीण : ताऱ्याची ओळख कोणी करून द्यायची?

संगणक आला की माणसाला काही शिकण्याची गरज उरत नाही, असा एक समज आज विद्यार्थ्यांत व पालकांत सारखाच पसरलेला दिसतो. संगणकावर चालणाऱ्या दुर्बिणीविषयी तर तो विशेष दिसून येतो. हातातल्या छोट्या यंत्रावर 'शनी' असे निवडावे व बटन दाबावे, की मोटारी सुरू होतात आणि दुर्बीण आपली आपण शनीकडे वळते. १९९२ साली मीड कंपनीची 'एलएक्स २००' ही दुर्बीण बाजारात आल्यापासून अशी साधने हौशी आकाशनिरीक्षकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर आली. परंतु हा चमत्कार घडण्यापूर्वी ते यंत्र माणसाला एक प्रश्न विचारते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो प्रश्न असा : 'हा तेजस्वी तारा कोठे आहे, ते मला दाखव.' या एका प्रश्नामागे हजार वर्षांचा इतिहास उभा आहे, व त्या इतिहासात आपल्या पूर्वजांचा आणि आपल्या महाराष्ट्राच्या भूमीचाही वाटा आहे.

प्रथम यंत्राचे काम समजून घेऊ. तिपाईवर बसवलेल्या दुर्बिणीला आपण कोठे उभे आहोत, आज तारीख कोणती व घड्याळात किती वाजले, हे सांगावे लागते. त्यावरून कोणता तारा कोणत्या उंचीवर असला पाहिजे याचे गणित ती क्षणात करते. पण आपले स्वतःचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे तिला ठाऊक नसते. म्हणून आपण एक तेजस्वी तारा निवडतो, तो आधी छोट्या शोधक दुर्बिणीत व मग मुख्य दुर्बिणीच्या बरोबर मध्यभागी आणतो आणि बटन दाबून 'हाच तो' असे सांगतो. त्यानंतर दुसऱ्या ताऱ्यावर तेच करतो. यालाच अलाइनमेंट म्हणतात. दोन तारे कशासाठी? भिंतीवर नकाशा एकाच टाचणीने लावला तर तो टाचणीभोवती गरगर फिरतो; दुसरी टाचणी लावली की पक्का बसतो. आकाशाचेही तसेच आहे. दोन टाचण्या जवळजवळ लावल्या तर नकाशा नीट बसत नाही, म्हणून दोन ताऱ्यांत पुरेसे अंतर असावे. शिवाय तारा अगदी डोक्यावर किंवा अगदी क्षितिजालगत नसावा.

वेळ चुकीची दिली तरी घोटाळा होतो. आकाश चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट रुंदीइतके. मुंबईची सूर्यावर आधारलेली स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असते. हा 'मुंबई टाइम' शहरात १९५५ पर्यंत पाळलाही जात असे. आज हा हिशेब यंत्र स्वतः करते, पण त्यासाठी आपले स्थळ व प्रमाणवेळ अचूक भरण्याची जबाबदारी आपलीच असते.

आता कोणी म्हणेल, आमच्या अंधेरी-बोरिवलीच्या किंवा मुलुंड-घाटकोपरच्या आकाशात तारे दिसतातच कोठे? दिव्यांच्या उजेडाने व धुरकटपणाने उपनगरांचे आकाश पांढुरके झाले आहे, हे खरे. आकाशगंगेचा पट्टा आपल्या मुलांनी गच्चीवरून पाहिलेलाच नाही. तथापि या कामासाठी मंद ताऱ्यांची गरजच नसते. जे मोजके तेजस्वी तारे उपनगरातूनही दिसतात, तेच यंत्राला हवे असतात. जानेवारीच्या संध्याकाळी उत्तरेचा ब्रह्महृदय व आग्नेयेचा व्याध, मे महिन्यात मघा व स्वाती, ऑक्टोबरअखेर वायव्येचा अभिजित व दक्षिणेकडचा फोमलहौत, एवढ्या जोड्या ओळखता आल्या तरी पावसाळा सोडून वर्षभराचे काम भागते.

हेच काम आपल्या पूर्वजांनी पितळेच्या एका तबकडीवर साधले होते. त्या यंत्राचे नाव उस्तुरलाब. मूळ कल्पना ग्रीकांची. परंतु ती पूर्णत्वाला नेली व घरोघर पोहोचवली ती बगदाद, इस्फहान, दमास्कस व कुर्तुबा येथील विद्वानांनी आणि कारागिरांनी. नमाजाच्या वेळा व किबल्याची दिशा अचूक काढण्याची गरज हे त्यामागचे एक मोठे कारण होते. उस्तुरलाबच्या पोटात प्रत्येक अक्षांशासाठी वेगळी चकती, म्हणजे सफीहा, असे. तिच्यावर जाळीदार तबकडी फिरे. तिला अंकबूत, म्हणजे कोळी, म्हणत. या जाळीला आकड्यांसारखी टोके असत आणि प्रत्येक टोक म्हणजे एकेक तेजस्वी तारा. पाहणाऱ्याने यंत्र अंगठ्याला टांगावे, मागच्या पट्टीतून ताऱ्याची उंची मोजावी, मग जाळी फिरवून त्या ताऱ्याचे टोक चकतीवरील तेवढ्या उंचीच्या वर्तुळावर आणावे. तेवढे केले की सगळे आकाश जागेवर बसे. रात्रीचे किती वाजले, कोणता तारा उगवतो आहे, सूर्योदयाला किती वेळ आहे, ते सारे वाचता येई.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून तुलना करावी. संगणकी दुर्बिणीला आपले स्थळ सांगणे म्हणजे योग्य अक्षांशाची चकती निवडणे. तिला तेजस्वी तारा दाखवणे म्हणजे अंकबूत फिरवून टोक जागेवर आणणे. पितळेच्या जागी मोटार व विद्युतमंडल आले. कृती तीच राहिली. आपल्या मुलींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दहाव्या शतकात हलबच्या सैफुद्दौलाच्या पदरी उस्तुरलाब घडवणारी एक स्त्री होती. इब्न नदीमच्या 'फिहरिस्त' या ग्रंथात तिची नोंद 'अल्-इज्लिया' अशी आहे. वडिलांकडून आलेली विद्या तिने पुढे चालवली.

यंत्रावर उमटणारी ताऱ्यांची इंग्रजी नावेही पाहण्याजोगी आहेत. ज्यांनी मक्तबात चार अक्षरे गिरवली आहेत त्यांना ती ओळखीची वाटतील. 'आल्डेबरन' म्हणजे आपली रोहिणी. मूळ शब्द अद्-दबरान, कृत्तिकांच्या मागून येणारा. 'रायजेल' म्हणजे रिज्ल, पाय. 'डेनेब' म्हणजे झनब, शेपूट. 'फोमलहौत' म्हणजे फम अल्-हूत, माशाचे तोंड. 'व्हेगा' हा वाकिअ या शब्दाचा अपभ्रंश, झेपावणारे गिधाड. त्याला आपण अभिजित म्हणतो. 'बीटलज्यूस' या नावाची कथा तर मौजेची आहे. मूळ नाव यद अल्-जौझा, म्हणजे जौझाचा हात. लॅटिनकडे जाताना 'या'च्या दोन नुक्त्यांऐवजी 'बा'चा एक नुक्ता वाचला गेला आणि 'यद'चे 'बद' झाले. एका नुक्त्याची चूक शतकानुशतके आकाशात लटकून राहिली!

नावे आपली आहेत म्हणून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु केवळ नावावर विद्या राहत नाही. अब्दुर्रहमान अल्-सूफी यांनी इ. स. ९६४ च्या सुमारास 'स्थिर ताऱ्यांचा ग्रंथ' लिहिला तो टॉलेमीच्या यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवून नव्हे, तर तारे स्वतः पाहून व तेज तपासून. समरकंदच्या उलुग बेगने १४३७ साली १,०१८ ताऱ्यांची सूची सिद्ध केली. १४४९ मध्ये त्याची हत्या झाली व वेधशाळाही मोडकळीस गेली. पण त्याचा सहकारी अली कुशजी पुढे ती विद्या घेऊन इस्तंबूलला गेला आणि सूची जगली. जयपूरच्या सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बादशहा मुहम्मदशहाच्या नावे जी 'झीज' रचली, तिच्यातील ताऱ्यांची सारणी उलुग बेगच्या सूचीवरूनच केलेली आहे. पृथ्वीचा आस सावकाश डुलत असल्यामुळे ताऱ्यांची मोजलेली स्थाने सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतात. म्हणून जयसिंगाला तीन शतकांपूर्वीच्या आकड्यांत सुमारे चार अंशांची भर घालावी लागली. आजच्या दुर्बिणीतील संगणकही त्याच कारणासाठी त्याच जातीची दुरुस्ती करतो.

विद्येला धर्माची किंवा भाषेची भिंत नसते, याचाही दाखला येथे मिळतो. फिरोजशहा तुघलकाच्या दरबारी महेंद्र सूरी नावाचे जैन पंडित होते. त्यांनी १३७० साली उस्तुरलाबवर संस्कृतात 'यंत्रराज' हा ग्रंथ लिहिला व त्यात ३२ ताऱ्यांची यादी दिली. पुढे मोगल काळात लाहोरच्या उस्ताद अल्लाहदाद यांच्या घराण्याने चार पिढ्या उस्तुरलाब घडवले. बापाने मुलाला, मुलाने नातवाला शिकवले. त्यांची यंत्रे आज जगभरच्या संग्रहालयांत जपलेली आहेत.

आता आपल्या दख्खनकडे वळू. बहमनी सुलतान फिरोजशहा (राज्यकाल १३९७ ते १४२२) याला गणित व ज्योतिषशास्त्र यांची मोठी आवड होती. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की, या सुलतानाने १४०७ साली दौलताबादजवळ घाटमाथ्यावर वेधशाळा बांधण्याचा हुकूम दिला व ते काम हकीम हसन गीलानी आदी विद्वानांवर सोपवले. समरकंदची वेधशाळा अजून उभी राहायची होती. म्हणजे त्या घडीला आपला मराठवाडा समरकंदच्याही पुढे पाऊल टाकू पाहत होता! परंतु हकीम हसन यांचे निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. सुलतान होता, खजिना होता, डोंगर होता, वरचे आकाशही होते. एक माणूस गेला व वेधशाळा थांबली.

ही जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर पाचशे वर्षांनी पुण्यात तेच घडले. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू केली. तेथील डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण पुढे कित्येक वर्षे देशातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगामवाला यांनी जेऊर येथून घेतले. परंतु १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद करण्यात आली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. पुन्हा एकदा यंत्र होते, पण त्याला तारा दाखवणारा दुसरा माणूस तयार झालेला नव्हता.

पुण्याच्या आयुका संस्थेने २००६ साली जुन्नर भागात गिरवली येथे दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभी केली, तेव्हा पद्धत बदललेली होती. तेथे एका प्राध्यापकाचा नव्हे, तर संशोधकांच्या, तंत्रज्ञांच्या व विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा आधार होता. एवढ्या मोठ्या दुर्बिणीलाही नेम अचूक धरण्यासाठी माहीत असलेल्या अनेक ताऱ्यांवर स्वतःला पारखून घ्यावेच लागते. लहान व मोठ्या यंत्रांत फरक एवढाच की, लहानाला दोन तारे पुरतात आणि मोठ्याला पुष्कळ लागतात.

या साऱ्यातून बोध कोणता घ्यावयाचा? यंत्र गणित करते, पण ओळख माणसाने द्यावी लागते. पुनर्वसूचे दोन तारे, कॅस्टर व पोलक्स, आकाशात फक्त साडेचार अंशांवर आहेत. एकाच्या जागी दुसरा दाखवला, किंवा गुरू ग्रहालाच तारा समजून बटन दाबले, तर नेम बिघडतो. दोन ताऱ्यांमधील अंतर जुळत नसेल तर चांगले यंत्र तक्रार करते. तरीही खरा तारा कोणता, हे ते सांगू शकत नाही. ते ओळखणाऱ्या डोळ्याला दुकानात किंमत देऊन आणता येत नाही. तो डोळा घडवावा लागतो, आणि एकाच्या डोळ्यावर भिस्त ठेवली तर दौलताबादचे व पुण्याचे झाले तेच होते.

म्हणून पालकांना विनंती अशी की, महागडी दुर्बीण घेण्याची घाई करू नये. प्रथम मुलामुलींना गच्चीवर न्यावे व वर्षभरात दहा तारे ओळखायला लावावे. वरळीचे १९७७ साली उभे राहिलेले नेहरू तारांगण काय किंवा १९८५ पासून मुंबईत काम करणारे खगोल मंडळ काय, अशा संस्थांमुळे ही आवड आपल्या शहरात रुजली आहे; तिचा लाभ घ्यावा. आपल्या शाळेने दुर्बीण घेतलीच, तर ती एका विज्ञान शिक्षकाच्या कपाटात कुलूपबंद न राहता दरवर्षी नववीच्या मुलांनी आठवीच्या मुलांना अलाइनमेंट शिकवावी, अशी प्रथा पाडावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कोठूनही ध्रुवतारा उत्तरेला क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर दिसतो, कारण आपला अक्षांशच तेवढा आहे. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश भरते. म्हणजे क्षितिजावर दोन मुठी रचल्या की ध्रुवाची जागा आली. ती आज सापडली, तर उद्या आपल्या धाकट्या भावंडाला दाखवा. लाहोरच्या उस्तादांनी चार पिढ्या जे जपले, त्याचा पहिला धडा यापेक्षा फारसा वेगळा नसावा.